मळीचा डबा

उसाच्या रसातून साखर काढून घेतली की कारखान्यात मागे काळा, चिकट पाक उरतो. त्याला मळी म्हणतात. आमच्या वऱ्हाडात ऊस फारसा नाही, पण ढेप-सरकीच्या दुकानात मळी मिळते. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, असो की तुरीचं, नुसतं कोरडं जनावराच्या घशाखाली उतरत नाही. मग मळी पाण्यात कालवायची आणि कुटारावर शिंपडायची. आमच्या घरी हे काम माझं होतं. वास आंबूस-गोड. लग्न होऊन आले तेव्हा नकोसा वाटायचा, पुढं पुढं तो माझ्या पदराचाच झाला. कितीही धुतला तरी जायचा नाही.

पांढरा बैल अचलपूरच्या बाजारातून आणला होता. माझं माहेर तिकडचंच. टेम्पोतून उतरला तेव्हा त्याच्या बरगड्या दिसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. दावणीला बांधला तर कुटाराला तोंड लावीना. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, शिव्या घातल्या. म्हणाले, "बाजारात चांगला खाऊन राहिला होता, घरी आला अन् सासुरवाशीण झाला."

ते गेल्यावर मी तळहाताला मळी लावली आणि त्याच्या तोंडासमोर धरली. बराच वेळ त्यानं नुसतं हुंगलं. मग चाटली. त्याची जीभ खरखरीत होती, हात सोलवटून निघाला. मी पुन्हा बोट बुडवलं. त्या दिवसापासून मळीचा डबा उचलला की तो मान वर करायचा. डब्याची कडी वाजली तरी उठून उभा राहायचा. त्याच्या जोडीचा तांबडा बैल मात्र कसलाही हट्ट न करता समोर पडेल ते खायचा.

मला बोलायची सवय कमी. चौथीपर्यंत शिकले तेव्हाही बाई प्रश्न विचारायच्या आणि मला उत्तर येत असूनही तोंड उघडायचं नाही. सासरी तर बोलायची गरजच पडली नाही. भासरे, म्हणजे मालकांचे मोठे भाऊ, शेजारच्याच घरात राहतात. आमच्याकडे भासऱ्यांसमोर बोलत नाहीत. त्यांना चहा पाहिजे असला तर ते भिंतीकडे पाहून म्हणतात, "चहा होईन काय म्हणा." मी कप उंबऱ्यावर ठेवायची आणि आत यायची. इतकी वर्षं झाली, त्यांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. जे काही बोलायचं ते मी गोठ्यात बोलायची. पांढरा ऐकून घ्यायचा.

भासऱ्यांनी आपले बैल विकून टाकले होते. ट्रॅक्टर भाड्यानं सांगून आणायचे, एका सकाळी वावर मोकळं करून घ्यायचे. मालकांच्या मनात ते बसलं. पण त्यांना सांगून आणलेला नको होता, स्वतःचा पाहिजे होता. जेवताना, झोपताना तेच. गोठ्यात आले की बैलांकडे पाहून म्हणायचे, "बसून खाणारे दोन भासरे हायेत तुये." असं म्हणून स्वतःच हसायचे.

त्याच वर्षी त्यांना बाजारात एक माणूस भेटला. धारणीकडून जीप घेऊन यायचा. त्यानं तंबाखूच्या पुडीत बी दिलं. तुरीच्या तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, अधूनमधून लावायचं, झाड मोठं झालं की तो येऊन घेऊन जाणार. तूर माणसाच्या डोक्यावर जाते, आत काय आहे ते धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दिसत नाही. मालकांनी मला सांगितलं, औषधाचं झाड आहे. पण झाडं कमरेला लागली तेव्हा वास ओळखला. माहेरी देवळामागे बाबा लोक चिलीम ओढत बसायचे, तिथून जाताना आई माझ्या नाकावर पदर धरायची. तोच वास.

"हा गांजा हाये," मी म्हटलं.

"हळू बोल वं. तसं बोलत नाही कधी, अन् बोलली तं हे."

मग एक दिवस ते म्हणाले की झाडांना मळीचं पाणी टाकायचं. त्या जीपवाल्यानं सांगितलं होतं, मळीनं झाड भरतं, त्याला जोर येतो. मला ते पटलं नाही असं नाही, बैलाला येतो तर झाडाला येतही असेल. पण मला दुसरंच सुचलं.

"अवो, पांढरा त्या वासावर जाईन."

"बैलाले काय समजते?"

"त्याले समजते. मले माहीत हाये."

"तुले बैलाचंच माहीत हाये. माणसाचं कधी समजून घे." आणि डबा माझ्या हातात दिला.

तेव्हापासून गोठ्यातला तोच डबा मी कमरेवर घेऊन तुरीत जायची. झाडाच्या बुडाशी पाणी ओतायची. काही पाणी पानांवर उडायचं, वाळलं की पानं चिकट व्हायची. मुंगळे लागायचे. परत येताना कोणी भेटलं तर काय सांगायचं ते मनात घोकत यायची, पण कोणी विचारलं नाही. मला कोणी काही विचारत नसे.

दिवाळी झाली. पऱ्हाटीला कापूस फुटला होता. त्या दिवशी मी वावराच्या वरच्या टोकाला वेचत होते. मालकांनी बैलबंडी सोडली आणि बैल धुऱ्यावर बांधले. धुऱ्याला लागूनच तूर होती. वारा तिकडूनच येत असावा. दुपारी मी पाणी प्यायला आले तर तांबडा एकटाच उभा होता. पांढऱ्याचं दावं तुटून पडलं होतं.

मी तुरीत शिरले. तूर मोडली नव्हती, तो तासा-तासातून नीट गेला होता. मधल्या झाडांचे नुसते खुंट राहिले होते. तो त्यांच्यात उभा होता आणि एक फांदी अजून तोंडात होती. मला पाहून त्यानं मान वर केली नाही. मी हाक मारली, कान हलला नाही.

मालक आले. त्यांनी आधी झाडांकडे पाहिलं, मग बैलाकडे. त्याला घरी आणलं तेव्हा तो पाय एका जागी टाकायला जायचा आणि पाय पडायचा दुसऱ्याच जागी. गोठ्यात आला आणि बसला. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. डोळे उघडे, पण पाहत कुठंच नव्हता.

आमच्याकडे जनावराला काही बाधलं की ताक आणि तेल पाजतात. बांबूचा नळा जबड्यात घालायचा आणि मान वर करून ओतायचं. सगळेच करतात, मालकांनीही केलं. पांढऱ्यानं डोकंसुद्धा झटकलं नाही. ताक आत गेलं आणि त्याला ठसका लागला. मालक म्हणाले, "उतरंल आता."

उतरलं नाही. भासरे आले. गोठ्यासमोरच्या बाजेवर बसून त्यांनी विचारलं, "काय खाल्लं यानं?"

"पऱ्हाटी. फवारलेली."

"मंग डॉक्टर कोनं बलावाव? मी?" भासऱ्यांनी मोबाइल काढला आणि स्वतःच लावला.

जनावरांचे डॉक्टर तेल्हाऱ्याहून मोटरसायकलवर आले. तरुणच होते. त्यांनी पापणी उघडून पाहिली, पोटाला हात लावला.

"काय खाल्लं?"

"फवारलेली पऱ्हाटी, डॉक्टरसाहेब."

"कोणतं औषध होतं? बाटली दाखवा."

"फेकली."

डॉक्टर त्याच्या डोळ्यांकडे पाहतच राहिले. "फवाऱ्यानं डोळे असे होत नाहीत, दादा. मी विषावरचं इंजेक्शन देतो. पण त्यानं दुसरंच काही खाल्लं असेल, तर याच इंजेक्शननं त्याचं हृदय बंद पडू शकतं. नीट आठवून सांगा."

मालक खाली पाहत होते. "फवाराच हाये."

डॉक्टरांनी बॅगेतून सुई काढली. बाटली हलवली, सुई त्यात घातली आणि औषध ओढून घेतलं.

मी गोठ्याच्या दाराआड पदर तोंडावर ओढून उभी होते. मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणी होती. ट्रॅक्टर, पोलीस, गावात तोंड दाखवणं, सगळं त्यात होतं. पण पांढऱ्याच्या कातडीवर डॉक्टरांनी कापूस घासला आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्यानं गांजा खाल्ला. आमच्याच तुरीतला."

डॉक्टरांनी सुई मागे घेतली.

भासरे बाजेवरून उठले. "हे कोन बोललं?" त्यांना खरंच समजलं नव्हतं. मग समजलं, तेव्हा ते माझ्याकडे न पाहता डॉक्टरांना म्हणाले, "बोललीच हाये तं पुरतं सांग म्हणा तिले. किती खाल्लं, विचारा."

"ताई, किती खाल्लं?"

मी सांगितलं. मळीचंही सांगितलं. तो झाड खायला गेला नव्हता, मळी खायला गेला होता, हेही सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी सुई रिकामी केली. दुसरं काहीतरी दिलं, पोटाची फुगी कमी करायचं. म्हणाले, "नशा आहे. इतकं मोठं जनावर आहे, उतरेल." मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या नळ्याकडे गेलं. "पाजलं काय याला?"

"ताक अन् तेल," मालक म्हणाले.

"नशेतल्या जनावराला गिळता येत नाही. पोटात जायचं ते फुफ्फुसात जातं." त्यांनी नळी कानाला लावून बैलाची छाती बराच वेळ ऐकली. "पाहू," एवढंच म्हणाले. जाताना मालकांना म्हणाले, "राहिलेली झाडं उपटून टाका. मी बैल पाहायला आलो होतो, मी बैलच पाहिला."

दुसऱ्या दिवशी पांढरा उभा राहिला. मी डबा उचलला तर मान वर केली. तळहाताला मळी लावून धरली, त्यानं चाटली. मला इतका आनंद झाला की घरात जाऊन कोणाला तरी सांगावं असं वाटलं. घरात मालक होते. मी सांगितलं नाही.

मग खोकला सुरू झाला. आधी थोडा, नंतर प्रत्येक श्वासाला. अंग तापलं, नाकातून पिवळं येऊ लागलं. डॉक्टर रोज येत होते, सुया देत होते. मी कडी वाजवायची, तो कान हलवायचा, पण उठायचा नाही. एका सकाळी चांगलं ऊन आलं होतं, मी शेण काढायला गेले तेव्हा तो आडवा पडलेला होता, आणि नाकाजवळचं कुटार हलत नव्हतं.

डॉक्टर शेवटचे आले तेव्हा मालक म्हणाले, "शेवटी गांजानं मारलाच त्याले."

"गांजा उतरला होता, दादा," डॉक्टर म्हणाले. "तो ताकानं मेला."

मालकांनी उरलेली झाडं उपटून उकिरड्यात पुरली. जीपवाला आला तेव्हा त्याला फाट्यावरूनच परत पाठवलं. पोलीस कधी आले नाहीत. भासऱ्यांनी कोणाला सांगितलं नाही. मालकही मला रागावले नाहीत. मी वाट पाहत होते, पण रागावले नाहीत. एकदा फक्त जेवता जेवता म्हणाले, "तू बोलली नसती तरी तो मेलाच असता."

ते खोटं आहे हे मला माहीत आहे. सुई टोचली असती तर तो त्याच दुपारी गेला असता. मी बोलले म्हणून त्याला काही दिवस मिळाले. ते दिवस त्यानं खोकून काढले. मी त्यांना भाजी वाढली.

एकट्या बैलाचं काम होत नाही. तांबडा बाजारात गेला. टेम्पोत चढतानाही त्यानं हट्ट केला नाही. आता आमच्या वावरातही सांगून आणलेलाच ट्रॅक्टर येतो. स्वतःचा काही झाला नाही. डबा मालकांनी डिझेल आणायला घेतला.

भासरे आता माझ्याशी सरळ बोलतात. भिंतीकडे पाहत नाहीत. "चहा ठेवशीन काय वं?" म्हणतात, आणि मी "हो" म्हणते. तेवढं एक बदललं. गोठा रिकामा झाल्यापासून दिवसाकाठी माझं बोलणं तेवढंच होतं.

परवा वाळत घातलेलं पातळ काढलं आणि सहज पदर नाकाशी नेला. नुसता साबणाचा वास आला.