कोरड्या तोंडाची साद

सप्टेंबरात लॅव्हन किट्रेजचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. तंबूतल्या शेगडीत लाकूड सारायचं, कॉफी चढवायची आणि अंधारातच घोड्यांवर खोगीर कसायचं. खोगिराचा पट्टा एकदा ओढून भागत नाही. घोडं पोट फुगवून धरतं. त्याला थोडं चालवून पट्टा पुन्हा ओढावा लागतो. लॅव्हन तो दोनदा ओढायचा. त्या वर्षी तिसऱ्यांदाही ओढायला लागला, आणि ते क्लिफ मॅब्रीच्या ध्यानात आलं. तळ क्लिफचा, घोडी क्लिफची, शिकारीला येणारी गिऱ्हाइकंही त्याचीच.

"म्हातारबा, घोडं मधोमध कापायचंय का?"

"सैल राहिलं तर तुझं गिऱ्हाईक पडेल."

"पडू दे की. पैसे आधीच भरलेत त्यानं."

लॅव्हन हसला नाही. हात कामात असले की थरथरत नसत, म्हणून तो ओढत होता.

त्याची उमर कोळशाच्या खाणीत गेली, सरकते पट्टे दुरुस्त करण्यात. खाण बंद पडली तेव्हा विकण्याजोगी एकच चीज त्याच्याकडे उरली. ती म्हणजे तोंड. कोलोरॅडोच्या त्या डोंगरात एल्कच्या, म्हणजे तिथल्या थोराड हरणाच्या, मादीचा आवाज त्याच्याइतका हुबेहूब कुणी काढत नसे. रबराची पातळ पडदी टाळूला चिकटवायची, जिभेनं दाबायची आणि पोटातून श्वास सोडायचा. मोसमाच्या सुरुवातीला नर पुरता माजावर आलेला नसतो. दुसऱ्या नराची डरकाळी ऐकवली तर उलट पायाला पाय लावून पळतो. त्याला हवा मादीचा हलका, रडवा सूर. धनुष्यवाला शिकारी पुढे बसतो, साद घालणारा त्याच्या मागे झाडीत दडतो. नर आवाजाचा माग काढत येतो आणि शिकाऱ्याच्या समोरून जातो.

म्हणजे जे काही येईल ते साद घालणाऱ्याकडे येतं. कामच ते आहे. खाणीत काम केलेल्या माणसाला त्याचं भय वाटायचं कारण नव्हतं, आणि वाटतही नव्हतं.

पण त्या डोंगरात सप्टेंबराच्या मध्यावर ठासणीच्या बंदुकांचाही मोसम उघडतो. बंदूकवाल्यांना नारिंगी जाकीट सक्तीचं. धनुष्यवाल्यांना नाही, ते झाडापाल्याच्या रंगाचे कपडे घालून झाडापाल्यातच बसतात. आदल्या वर्षी लॅव्हन असाच बसून मादीसारखा रडत असताना त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर ॲस्पेनच्या खोडात शिशाची गोळी घुसली. कुणी झाडली ते कळलं नाही. झाडणारा पळाला. लॅव्हन पालथा पडून राहिला. उठला तेव्हा विजार ओली होती.

हे त्यानं फक्त बायकोला सांगितलं. डार्ला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती.

"मग यंदा जाऊ नकोस," ती म्हणाली.

"आणि खायचं काय?"

"माझा पगार आहे की."

"तुझ्या पगारात तू खा. मी हवा खातो."

"सप्टेंबरभर तोंड वासून हवाच तर खातोस," डार्ला म्हणाली. मग भांडं तसंच टाकून अंगणात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

तो गेला. बंदुकांचा मोसम उघडायच्या दिवशी त्यानं डोक्यावर नारिंगी टोपी घातली. क्लिफनं ती उपटून खोगिराच्या पिशवीत कोंबली.

"एल्कला नारिंगी दिसत नाही, क्लिफ."

"गिऱ्हाइकाला दिसतं. त्याला चित्रातल्यासारखी शिकार हवी असते. आणि ऐक, गेल्या साली तो पोरगा साप बघून ओरडला, तसं कुणी ओरडलं तर मी त्याच दिवशी घरी पाठवीन. जनावर समोर असताना तोंडातून माणसाचा शब्द नको."

त्या दिवशीचं गिऱ्हाईक होतं एल्डन प्रूएट. ओहायोत फरशांचं दुकान, पोट सुटलेलं, पण माणूस वाईट नव्हता. चढ चढताना धापा टाकत होता, तरी धनुष्य दुसऱ्याच्या हाती देत नव्हता. लॅव्हननं त्याला एका उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळाआड बसवलं, स्वतः मागे फर झाडांच्या दाट रोपट्यांत शिरला, पडदी टाळूला लावली आणि फुंकली.

सूर फाटला.

पडदीला थुंकी लागते. भ्यालेल्या माणसाच्या तोंडात थुंकी नसते. त्यानं पाण्याचा घोट घेतला, तोंडात घोळवला, पुन्हा फुंकली. या वेळी जमलं. प्रूएटनं मागे वळून अंगठा दाखवला.

बराच वेळ काही नाही. खारीसुद्धा गप्प. मग खालच्या घळीतून मादीचं उत्तर आलं. गोड, जरा हेका धरलेलं. लॅव्हननं उत्तर दिलं. तीही बोलली, या वेळी जवळून. मादी येतेय तर मागे नर असणार. प्रूएटनं हात उंचावून खूण केली: आणखी, जोरात.

लॅव्हननं वाळकी फांदी उचलली आणि फरचं रोपटं घासायला सुरुवात केली. नर शिंगं घासतो तसं. आता मोसम मध्यावर आला होता, माजावरचा नर हे ऐकून पळत नाही, भिडायला येतो. साल निघाली, रोपटं शेंड्यापर्यंत हललं. हे अंगमेहनतीचं काम आहे. मनगट नाही, खांदा लागतो. त्या मेहनतीत त्याचं भय घटकाभर मागे पडलं.

मादीचा आवाज पुन्हा आला. अगदी जवळून. आणि थांबला.

तेव्हा लॅव्हनच्या लक्षात आलं. ती मादी घळीतून इथवर आली, पण वाटेत एकही काटकी मोडली नव्हती. खाली सगळा वाळका पाचोळा. एल्कची मादी चालते ती बिनदिक्कत. खूर वाजतात, काटक्या मोडतात, तिला कुणापासून लपायचं असतं? पाय जपून टाकतो तो माणूस.

फांदी त्याच्या हातात तशीच राहिली. खाली ठेवावी तर रोपटं हलेल, धरून ठेवावी तर हात हलतोय. तरी मन दुसऱ्या बाजूनं बोलत होतं. या दिवसांत नरही कधीकधी मुकाट येतो. पाचोळ्यावरून, मांजरासारखा. तो असेल तर? ओरडलो तर नर गेला, काम गेलं, उरलेल्या मोसमाची मजुरी गेली. आणि तो नसेल तर?

झाडीत काहीतरी तपकिरी सरकलं. की नारिंगी? डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट कळेना.

तो ओरडला, "माणूस आहे!"

पण तोंडात पडदी होती. बाहेर आला तो शब्द नव्हता. मादीची लांब, चिरकी किंकाळी आली. आयुष्यात इतकी हुबेहूब त्यानं कधी काढली नव्हती.

तोंड कोरडं पडलेलं. पडदी सुटेना. त्यानं दोन बोटं तोंडात घालून ती ओरबाडून काढली, टाळूचं कातडं निघालं, आणि हात वर करून तो उभाच राहिला.

"माणूस! माणूस आहे मी! झाडू नको!"

क्षणभर काही हललं नाही. मग एका ओंडक्याआडून नारिंगी जाकीट उभं राहिलं. ठासणीची बंदूक सरळ लॅव्हनच्या छातीवर होती. ती हळूहळू खाली आली. बंदुकीचा घोडा उतरवल्याचा आवाज लॅव्हनला स्वच्छ ऐकू आला.

पन्नाशीचा माणूस होता, दाढीवाला. त्याच्या ओठांतूनही पडदीची कड बाहेर आली होती. ती त्यानं थुंकून टाकली.

"तू होतास ती मादी?" लॅव्हननं विचारलं.

"मी. आणि तू ती दुसरी?"

"हो."

"अरे देवा." तो माणूस पाचोळ्यात मटकन बसला. "मला शिंगं दिसली. झाड हलत होतं ना, तिथं. आईशपथ, शिंगं मोजलीसुद्धा मी. तू ओरडलास तेव्हा बोट चापावर..."

प्रूएट तरातरा वर आला. "ओरडलात कशाला? माझा नर येत होता, आणि तुम्ही..." मग त्याला बंदूक दिसली, लॅव्हनच्या हनुवटीवरचं रक्त दिसलं. त्यानं धनुष्य खाली ठेवलं.

"मी तुम्हाला आणखी जोरात म्हणून हात केला होता," तो म्हणाला.

"केला होतात," लॅव्हन म्हणाला.

दाढीवाल्यानं खिशातून वाळवलेल्या मांसाची पट्टी काढली आणि तिघांत वाटली. लॅव्हनला ती चावता आली नाही. नुसती धरून बसला.

तळावर आल्यावर क्लिफ घोड्यांना चारा टाकत होता. प्रूएटनं सगळं सांगितलं. क्लिफनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे ओरडलास."

"ओरडलो. पहिल्यांदा एल्कसारखा, मग माणसासारखा."

"नियम माहीत होता?"

"होता. आता माझा ऐक. उद्यापासून मी नारिंगी जाकीट घालून साद घालीन. जमत नसेल तर तू घाल."

क्लिफची साद गंजक्या फाटकासारखी निघे, हे सगळ्या तळाला ठाऊक होतं. तो काही बोलायच्या आत प्रूएट म्हणाला, "घालू दे हो त्यांना. मला चित्र नकोय. मला जिवंत घरी जायचंय."

"तुम्हाला कोण मारतंय?" क्लिफ करवादला. पण रात्रीच्या जेवणाआधी त्यानं टोपी आणून लॅव्हनच्या मांडीवर टाकली. जाकीट स्वतःचं दिलं. ते लॅव्हनला ढगळ होत होतं.

त्यानं मोसम पुरा केला. कबूल केलेलं काम अर्धं टाकायची त्याला सवय नव्हती. नारिंगी जाकिटाला एल्क भ्याले नाहीत. एक नर तर प्रूएटच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या श्वासाची वाफ दिसली. प्रूएटचा बाण बुंध्यात रुतला आणि तो काढायला दोघांना तासभर लागला. पण लॅव्हनची भीती काही गेली नाही. रोज पहाटे तोंड कोरडं पडायचं, रोज तो पाणी घोळवायचा, आणि पानांत जराही सळसळ झाली की साद मध्येच तोडून मोठ्यानं खोकायचा. माणसाचा खोकला. क्लिफनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शेवटच्या दिवशी त्यानं पडदी शेगडीत टाकली. रबर जळल्याचा वास तंबूत बराच वेळ राहिला.

डार्लानं पुढच्या वर्षाचं काही विचारलं नाही. मजुरी आली तशी दोघं गावातल्या लोहाराकडे गेली. त्या मजुरीतून लॅव्हनच्या जुन्या ट्रकच्या तोंडाला हिवाळ्यात मजुरीवर लोकांच्या वाटेवरचा बर्फ सारायचा पोलादी फाळ बसला, आणि उरलेल्यातून टपावर फिरणारा पिवळा दिवा.