तलावाचा ठेका आणि आमचा एसी हॉल

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी गोंडपिपरीच्या बाजारात हॉटेलासाठी मिरची घेत होते. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला... आपल्या गावचा तलाव लिलावात निघालाय, आणि बाहेरचा एक ठेकेदार येऊन पाहूनही गेलाय.

मिरची तिथेच टाकली आणि मिळेल त्या ऑटोने परत निघाले.

आमचं रस्त्यावर छोटं हॉटेल आहे. मरळीचा रस्सा, भात, तळलेले झिंगे... मासे सगळे याच तलावातले. पण तलाव काही नुसता माशांचा नाही. गुरं तिथेच पाणी पितात, बाया शिंगाडे काढतात. ज्याच्या घरी भाजी नाही तो गळ टाकून बसतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

जवळच्या एका गावात ठेकेदार आला तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, काठीवाले राखणदार बसले होते. आधी गळ बंद झाले, मग शिंगाडे, मग गुरांनाही हाकलायला लागले... हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं.

आमच्या मच्छीमार सोसायटीने ठेकेदाराएवढी बोली लावली तर नियमाने ठेका तिलाच मिळणार होता. अडचण एकच, रक्कम एकदम भरायची होती. सोसायटीचे अध्यक्ष देवरावभाऊ दोन दिवस घरोघर फिरले, पण जमेना.

आमच्याकडे हॉटेलचा साठवलेला नफा होता. वर एसी फॅमिली हॉल बांधायचा म्हणून... मिस्त्रीसुद्धा ठरला होता. मी रात्रभर तळमळले वगैरे नाही, खोटं कशाला सांगू? पोळ्या लाटतालाटताच नवऱ्याला म्हटलं, हे पैसे तलावाला देऊ या का?

तो म्हणाला, "देऊन टाक. लोक आपल्या इथी मासे खायले येतात, एसी खायले नाई."

ठेका सोसायटीला मिळाला! संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. देवरावभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, आता पयला माल तुमच्या हॉटेलाले. भाव बी तुमच्यासाठी कमी लावू."

मला बरं वाटलं... अगदी मनापासून बरं वाटलं. पैसे दिलेत, तर एवढं चालतंय की! मी हो म्हणणारच होते.

तेवढ्यात मागून शेवंताबाई बोलल्या. आमच्याकडे रोज टोपलीभर झिंगे घेऊन येणाऱ्या, वयाने माझ्या आईएवढ्या. "मंग तलाव आता वैनीचा झाला म्हना ना! तो ठेकेदार काऊन वाईट होता मंग?"

कुणीतरी त्यांना गप्प करायला लागलं. मी म्हटलं, "बोलू द्या त्यांना. खरं बोलून राह्यल्या त्या."

काठीवाला राखणदार नसता, पण चांगला मासा आधी माझ्याच दारात आला असता. गावाला उरलेला. म्हणजे मालक बदलला असता, एवढंच.

मी तिथेच सांगून टाकलं. "भाऊ, मासे मी बाजारभावानेच घेईन आणि सगळ्यांसारखी रांगेत उभी राहून घेईन. पाळीवर कुणालाही अडवायचं नाही. हे पैसे मला परत नकोत. पण दरवर्षी विक्रीतून थोडे बाजूला काढा, म्हणजे पुढच्या वेळी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही."

शेवंताबाई म्हणाल्या, "आता बरोबर बोलल्या." आणि उठून घरी गेल्या. कौतुक वगैरे काही नाही!

परवा तो ठेका संपला, नवा लिलाव झाला. तोच ठेकेदार पुन्हा हजर, या वेळी गाडी मोठी. मीही पर्समध्ये चेकबुक घालून पोचले होते, लागलंच तर असावं म्हणून.

त्याची बोली झाली. देवरावभाऊंनी तेवढीच लावली आणि सोसायटीच्या खात्यातून रक्कम भरली. मी पर्स उघडत होते तर हसून म्हणाले, "ठेवा वैनी. औंदा आमचे आमी."

खरं सांगू? क्षणभर थोडं टोचलं. आपली गरज नाही म्हटल्यावर टोचतंच... पण बाहेर आले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की रस्ताभर एकटीच हसत होते.

आमच्याकडे येऊन पंख्याखाली, घाम पुसत जेवून गेलेल्या तुम्हा सगळ्यांचे आज आभार मानायचे होते. तलाव वाचला तो तुमच्या ताटांच्या पैशांवर.

आणि हो, शेवंताबाईंनी काल झिंग्यांचा भाव वाढवलाय. मी घासाघीस करून पाहिली... ऐकल्या नाहीत. टोपली उचलून सरळ पुढच्या हॉटेलाकडे निघाल्या. मला मागे पळत जाऊन त्यांना बोलवावं लागलं!