पोटाचा व्यायाम

"आधी बसा. कंबर नंतर." आमच्या देवपुरातल्या बाईंचं हे ठरलेलं वाक्य. म्हणताना तळहात हवेत खाली दाबायच्या, वर्गात पोरींना गप्प करतात ना, तसा. बाई इतिहास शिकवायच्या शाळेत. नवरा गेलेला, घरात एकच लेक. कॉम्प्युटरवर इजिप्तच्या कुण्या बाईकडून बेली डान्स शिकल्या आणि रविवारी दुपारी सोफा सरकवून आम्हा कॉलनीतल्या बायांना शिकवायला लागल्या. माझे गुडघे कुरकुरतात, तरी मी जायचे बरं का!

पण नाचाआधी इतिहास. "बेली डान्स हे नाव परक्यांनी ठेवलं, बघायला आलेल्यांनी. तिकडच्या खेड्यातल्या बाया बलदी म्हणतात. म्हणजे आपल्या मातीतलं. अंगणात, लग्नात, बायाबायांत नाचायचं."

मी म्हटलं, "मग आमच्या आखाजीच्या सणासारखंच की! लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गातात. पुरुषांचं काय काम तिथे?"

"अक्का पास!" म्हणून त्यांनी मला मिठीच मारली.

एकदा सांगत होत्या, तिथल्या राजानं नाचणाऱ्या बायांना राजधानीतून हाकललं होतं. एकीनं विचारलं, "आणि बघणारे हो?"

"ते राहिले तिथंच." बाई हसल्या नाहीत.

मग लेकीला अमळनेरकडचं स्थळ आलं. मुलगा तिच्या मनात भरलेला. आणि नेमका आमच्यातल्याच कुणीतरी काढलेला नाचाचा व्हिडिओ फिरत फिरत त्या घरी पोचला. ते लोक बोलणी करायला आले, तेव्हा मी आत पोहे करत होते. लेक आईचा पदर धरून कुजबुजली, "आई, व्यायाम म्हण ना फक्त. माझ्यासाठी."

बाहेर मुलाच्या काकांनी विचारलंच, "मॅडम, ते मोबाईलमधलं काय प्रकरण आहे?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. "पोटाचा व्यायाम आहे. डॉक्टरांनी सांगितलेला."

"असं होय!" काकांनी पोह्यांची बशी उचलली. लग्न ठरलं.

पुढच्या रविवारी सोफा हलला नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं शिकवू, अक्का?"

हळदीला बायाच बाया, गाणी जोरात, सगळ्या नाचताहेत. बाई खुर्चीत. विहीणबाईंनी अगदी मायेनं त्यांचा हात ओढला, "तो व्यायाम आमले बी दखाडा ना! पोट कमी व्हस म्हने."

बाई उठल्या. मला वाटलं, आता नाचतील. त्यांनी गाणं बंद करायला सांगितलं. पाय जुळवले, हात कमरेवर ठेवले आणि कवायतीसारखं मोजायला लागल्या, "एक, दोन, तीन, चार."

मांडवभर बाया खिदळत मोजू लागल्या. हळदीनं माखलेली लेक पाटावर बसून आईकडे बघत होती. ती तेवढी मोजत नव्हती.