बोलणारी टाकी

मिरजेच्या एका गल्लीतून चाललो होतो, तेवढ्यात एका गच्चीवरून आवाज आला, "टाकी भरली, मोटार बंद करा." मी जागीच थांबलो. आवाज सुमनचा होता, माझ्या बायकोचा. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

टाकी भरली की मोटार बंद होईपर्यंत बोलत राहणारं यंत्र मी आणि माझा मित्र दिलीपनं त्याच्या गॅरेजात बनवलं, तेव्हा ते वाक्य तिच्याकडून बोलून घेतलं होतं. शेवटी तिला हसू फुटलं. "पुन्हा घ्या," ती म्हणाली. दिलीप म्हणाला, "राहू द्या वहिनी, घरचं वाटतं." पुढे कारखाना झाला, यंत्रं गावोगाव गेली. विकलेली वस्तू कुणाच्या घरी कशी नांदते, बनवणाऱ्याला कुठे कळतं?

मोटार बंद करायला अंगणात आलेल्या बाईंनी विचारलं, "काय हवंय, काका?"

"अजून जरा वेळ चालू राहू दे ना," मी म्हटलं.