डॉक्टरांच्या चिठ्ठीची मागची बाजू

कॅप्टन डॉक्टर सुबराव मूळचे बेळगुंदीचे. एकाहत्तरच्या लढाईत तंबूतल्या दवाखान्यात जखमी जवानांना टाके घालत बसले. परत आले ते वडगावात, विणकरांच्या गल्लीत दवाखाना थाटला आणि अकरा वर्षांमागं जाईपर्यंत तिथंच राहिले. कविता करायचे. पण वही म्हणून ठेवली नाही. औषधाच्या चिठ्ठीमागं लिहायची आणि पेशंटच्या हातात द्यायची. स्वतःजवळ एक ओळ ठेवली असेल तर शपथ!

त्याचा ताप आता त्यांच्या लेकीला, सत्यवतीला. रविवारी गल्लीच्या वाचनालयात डॉक्टरांचा फोटो लागणार होता. खाली पाटीवर पेंटर लिहिणार, 'सैनिक व डॉक्टर'. 'कवी'सुद्धा लिहा म्हटल्यावर अध्यक्ष नागेंद्र म्हणाला, "आक्का, कविता कुठं हाय? एक तरी दाखवा की. उद्या कोण इचारलं तर मी काय तोंड दाखवू?"

"गल्लीला चाळीस वर्षं सुया टोचल्या त्यांनी, आणि पुरावा मी आणू व्हय रं?" सत्यवती तडकली. तडकली, पण दुखरा गुडघा ओढत निघाली घरोघर.

शुक्रवारपर्यंत हाती शून्य. औषध संपलं की चिठ्ठी चुलीत, हीच सगळीकडची रीत. शेवटी ती परशराम विणकराच्या दारात टेकली.

"मी न्हाय जाळल्या," परशराम म्हणाला. "कामाला लावल्या."

त्यानं माळ्यावरून नक्षीची माळ ओढली. हातमागावर पदराची नक्षी उठते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. भोक चुकलं की वर कागद चिकटवायचा, सुकला की नव्यानं भोक पाडायचं. एका पुठ्ठ्यावर वडिलांचं अक्षर बघून सत्यवतीनं तो हिसकूनच घेतला. ओळी होत्या, आणि ओळींतून आरपार भोकं.

"अण्णा, कवितेवर भोकं पाडलासा?"

"मग काय औषधावर पाडू?" परशराम उलटा चिडला. "औषधाची बाजू आत घालून जपली की मी!"

तिला रडू यायचं ते हसूच फुटलं.

रविवारी तिनं पुठ्ठा नागेंद्रसमोर धरला. त्यानं तो उजेडाकडं नेला. "शेवटची ओळ तर गेलीच की, आक्का. अर्ध्या कवितेचा कवी कसा लिवायचा?"

सत्यवतीनं पुठ्ठा परत घेतला. भरल्या वाचनालयापुढं उभी राहिली आणि वाचायला लागली,

"ज्याचा हात धरून बसलो
त्याचं गाव विचारायचं राहिलं.
आता कुठल्याही गावात एसटी थांबली
की वाटतं..."

पुढं भोकं. ती थांबली. आपल्या पदरचे शब्द घालायला जीभ उचलेना.

"त्याचंच आलं," मागून आवाज आला. मागासाठी सुताच्या कांड्या भरून बोटं वाकडी झालेली अंबुबाई. "सुई टोचताना म्हणायचे. आपण ऐकत बसायचं, तवर सुई भायेर!"

"मला दुसरी म्हणायचे," कोणीतरी म्हणालं. "आंब्याच्या झाडाची."

"ती मला पण येती!"

एकदम चार-पाच तोंडं बोलायला लागली. सत्यवती खुर्चीत बसली, पर्समधून पेन काढलं आणि ओरडली, "एकेक जण बोला गं, लिवून घेऊ दे!"

नागेंद्रनं पेंटरला खांद्याला धरून फोटोपाशी नेलं. "कवी आधी लिव. डॉक्टर मागनं."

"जागा पुरत न्हाय, साहेब."

"मग पाटी मोठी आण रं!"