खुर्शीदबीच्या अंगणातला समुद्र

उन्हाळा लागला की जयवंताबाईंच्या मनात एकच काळजी ठाण मांडून बसायची. मैनाला ऊन लागणार. मागच्या वैशाखात लागलंच होतं. अंगणातल्या दगडी डोणीपाशी ती भर दुपारी डोकं धरून बसलेली सापडली. घरमालकीण खुर्शीदबीनं तिला ओढत आत नेलं, तळपायांना कांदा चोळला आणि कैरीचं पन्हं पाजलं. तेव्हापासून अकोल्याच्या जुन्या शहरात गच्चीवर कपडे वाळत घालताना दांडीची तार हाताला चटकली, की जयवंताबाईंना अमरावतीचं ते अंगण आठवायचं.

मैना त्यांची थोरली. अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि खुर्शीदबीच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. लहानपणी मोर्णा नदीतले मासे लोट्यात घालून आणायची आणि आई ओरडली की लोट्याशीच बोलायची, "पाहा बरं, माय तुमाले घरात घेत नाही." नोकरी लागली, चष्मा लागला, तरी सवय गेली नाही.

बासष्ट साली ती विद्यार्थ्यांची सहल घेऊन रत्नागिरीला गेली. समुद्र तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि येताना थोडा घेऊनच आली. अ‍ॅसिडच्या मोठ्या काचेच्या बरण्या घासून धुतलेल्या, त्यांत समुद्राचं पाणी. आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या एका बरणीत कातळाचा तुकडा, त्यावर मुठीएवढं जिवंत प्रवाळ आणि दोन समुद्रफुलं, फुलांसारखे उघडमीट करणारे जीव. आगगाडीच्या डब्यातल्या बाया विचारत होत्या, "लोणचं काय वं बाई?" मैना म्हणाली, "हो, पण मुरायचं आहे अजून."

खुर्शीदबीकडे गाईला पाणी पाजायची जुनी डोणी पडून होती. मैनानं तीत समुद्र ओतला. प्रवाळाच्या अंगात म्हणे बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर जेवतं आणि प्रवाळालाही जेवू घालतं. म्हणून डोणी उघड्यावर हवी. पण वऱ्हाडातलं ऊन म्हणजे अन्न कमी आणि आग जास्त. मैनानं रांजणाखाली घालतात तशी डोणीखाली वाळू घातली आणि ती सदा ओली ठेवली. सकाळचं ऊन डोणीत येऊ द्यायचं, दहा वाजले की वाळ्याची ताटी आडवी लावायची, चार वाजता काढायची. मधूनमधून तांब्यानं डोणीतलंच पाणी उंचावरून परत आत सोडायचं, त्याला वारा लागावा म्हणून. कॉलेजच्या वेळात ताटी खुर्शीदबी भिजवायची. तिचा मुलगा बशीर शेजारच्या लाकडाच्या वखारीतून हाक मारायचा, "अम्मी, समंदर को धूप लग रही!"

जयवंताबाईंनी पहिल्यांदा डोणी पाहिली तेव्हा बोट बुडवून जिभेला लावलं. त्यांचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणातलं, जिथं विहिरींचं पाणीही खारं. तिथल्या बायका नुसत्या चवीवरून सांगत, पाणी कोणत्या विहिरीचं. "आमच्या विहिरीपेक्षा खारं आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्याच हिवाळ्यात माहेरच्या लग्नाहून परतताना त्या मैनाकडे उतरायला निघाल्या, तेव्हा बरोबर तेलाचा डबा भरून विहिरीचं पाणी घेतलं. कंडक्टरनं डबा हलवून पाहिला.

"घासलेट असंल तं उतरा, बाई."

"पाणी आहे."

"दर्यापूरचं? अमरावतीले?" सगळी गाडी हसली. "तिकडे लोक काय कमी दुःखात आहेत काय?"

मैना परीक्षेच्या कामाला गेलेली. डोणीच्या आत तिनं खिळ्यानं रेघ मारून ठेवली होती, पाणी त्या रेघेखाली चार बोटं उतरलेलं. जयवंताबाईंनी अख्खा डबा रिता केला. खुर्शीदबीनं मान डोलावली, "अच्छा किया. खारेको खाराच होना."

मैना संध्याकाळी आली. दोन्ही समुद्रफुलं मिटून लिबलिबीत गोळे झालेले. तिनं डब्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पायरीवर बसली.

"माय, उडते ते नुसतं पाणी उडते. मीठ इथंच राह्यते. तू मिठावर मीठ चढवलं."

"मंग तू काय टाकतेस?"

"गोडं."

जयवंताबाईंना हे ऐकवेना. त्यांच्या माहेरी गोडं पाणी कोसावरून यायचं, पाहुण्याला आणि डाळीला, कारण खाऱ्यात डाळ शिजत नाही. "डाळ शिजवायचं पाणी तू खाऱ्यात ओतून राहिली? काहून शिकवलं वं तुले?"

मैना हसली, पण डोळे डोणीकडेच होते. खारेपणा मोजायची काचेची नळी कॉलेजात कुलपाआड होती. मग मैना थोडं खारं काढायची, थोडं गोडं सोडायची आणि जयवंताबाई बोट चाखायच्या. "अजून जड आहे." "अजून." अंधार पडता पडता त्या म्हणाल्या, "आता माझ्या पह्यल्या दिवसाचं झालं." सकाळी एक फूल उघडलं, दुसरं दुपारी. खुर्शीदबीनं शेवया केल्या.

हे सगळं यंदा बुद्धजयंतीला पुन्हा आठवायचं कारण झालं. मैना सकाळच्या गाडीनं घरी आली आणि खिरीची वाटी हातात असतानाच परतीची गाडी विचारू लागली. बोलता बोलता सहज म्हणाली, समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात महिनाभर शिकायला तिची निवड झाली आहे. उद्याच कळवायचं आहे. ती नाही म्हणणार होती.

"काहून?" जयवंताबाईंनी विचारलं.

"ह्या उन्हात डोणी कोणाच्या भरवशावर टाकू? खुर्शीदबीचे गुडघे धरले आहेत. ताटी लावते, पण पाणी ओतणं तिच्यानं होत नाही."

मैनाचे वडील खुशालराव शाळामास्तर. ते पेपरामागून म्हणाले, "पोरीले समुद्र बोलावून राहिला, न् पोरगी डोणी राखत बसली."

मैना हसली नाही. वाटी ठेवली आणि परतीच्या गाडीला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाई गच्चीवर कपडे घालत होत्या. तार चटकली. अमरावतीचं अंगण डोळ्यांपुढे आलं, पण यंदा डोणीपाशी मैना दिसेना. पदर डोक्यावर घेतलेली, तांब्या हातात धरलेली एक पोक्त बाई दिसली. आणि मैना दिसली ती कुठंतरी गुडघाभर पाण्यात, वाऱ्यात. तिथं पोरगी बुडाली तर, ही नवी काळजी लगेच उभी राहिली. राहू दे. तिला निदान ऊन लागणार नव्हतं.

त्या खाली आल्या. "अहो, बशीरच्या वखारीतल्या फोनचा नंबर सांगा."

"आता काय झालं?"

"काही नाही. महिनाभर तुमचं तुमी करून खा. मी तार ऑफिसात जाऊन फोन लावून येते. मैना कॉलेजात जायच्या आधी सापडली पाह्यजे."

"तिले काय सांगशील?"

"सांगते, नाही म्हणू नको. डोणी मी राखीन, रेघेपर्यंत गोडंच टाकीन म्हणून."

त्यांनी चपला पायांत सरकवल्या.