पहिल्या रविवारची माफी

माझ्या नवऱ्याला माझी माफी महिन्यातून एकदाच लागते. पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी. एरवी त्याला तिची आठवणही होत नाही.

याचं कारण असं की आमच्या मंडळीत, म्हणजे दिल्लीतल्या आमच्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मनात कुणाशी वाकडं असेल तर आधी जाऊन समेट करावा, मगच भाकर आणि प्याला घ्यावा, ही आमची लहानपणापासूनची शिकवण. माझा नवरा मंडळीचा पंच. पाळकसाहेबांच्या हातून भाकरीचं तबक घ्यायचं आणि रांगारांगांतून फिरवायचं, हे त्याचं काम. तबक फिरवणाऱ्याने स्वतःच घेतलं नाही तर सगळं चर्च बघणार. म्हणून महिनाभर घरात काहीही घडलेलं असो, शनिवारी संध्याकाळी हा गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "माझं काही चुकलं असेल तर माफ कर."

असेल तर! फरीदाबादच्या मे महिन्याने माझं डोकं जेवढं तापत नाही तेवढं या दोन शब्दांनी तापतं.

मी तेव्हा ओट्याशी ब्रेड कापत असायची. पंचाची बायको म्हणून भोजनाची भाकर आमच्या घरून जाते. भाकर म्हणजे साधा स्लाइस ब्रेड, कडा काढून बारीक चौकोन केलेला. उरलेल्या कडांचा रविवारी सकाळी उपमा होतो आणि तो नवरा मिटक्या मारत खातो. हातात सुरी घेतलेल्या बाईपुढे येऊन तो इतकी स्वस्त माफी मागायचा, हे धाडसच म्हणायचं. मी मान वर न करता "हं" म्हणायची. त्या एका "हं"वर त्याचा पुढचा महिना निघायचा.

"मम्मी, पप्पांचं सॉरी म्हणजे मंथली रिचार्ज आहे यार," आमची कॉलेजात जाणारी मुलगी एकदा म्हणाली. "बिल्कुल टाइमवर." मी हसले, पण आतून जळफळाट झाला. पोरीलासुद्धा कळत होतं.

मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. तेव्हा ऑफिस दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाजवळ होतं, रोजचा मेट्रोचा प्रवास. गेल्या वर्षी मला बढती मिळाली आणि तिच्याबरोबर पुण्याला बदली. पुण्यात माझी आई एकटी राहते. मी तिची एकुलती एक. दूध गॅसवर ठेवून ती शेजारी गप्पा मारायला जायला लागली होती, आणि शेजारच्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला होता. एकदा नव्हे, अनेकदा. मला पुण्याला जायचं होतं. पण भांडून, बॅग उचलून जायचं नव्हतं. आमचं लग्न पुण्याच्या चर्चमध्ये सगळ्यांदेखत झालं. त्या लग्नातून मला पळून जायचं नव्हतं. नवऱ्याने तोंडाने "जा" म्हणावं आणि मग मी जावं, एवढंच हवं होतं.

त्याला सांगितलं तेव्हा तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "बघू."

काय बघितलं ते रविवारी कळलं. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब प्रार्थनेचे विषय विचारतात. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलाची परीक्षा. माझा नवरा उठला, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाला, "माझ्या पत्नीची पुण्याला बदली झाली आहे. हा आमचं कुटुंब मोडण्याचा मोह आहे. ही बदली रद्द व्हावी म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी डोळे टक्क उघडे ठेवून त्याच्या बुटांकडे बघत बसले. त्यात माझी बढती नव्हती, माझी आई नव्हती, तिचा गॅस नव्हता. प्रार्थनेत उरलं ते फक्त त्याचं कुटुंब.

बाहेर चहाच्या वेळी करोल बागेतल्या मावशींनी माझा हात धरला. त्या दिल्लीतच वाढलेल्या, मनाने चांगल्या. "टेन्शन नको घेऊस, बेटा," त्या म्हणाल्या. "आम्ही बायका उपास धरतो. तुझी बदली नक्की रुकणार." माझ्या बढतीवर पाणी पडावं म्हणून चांगल्या चांगल्या बायका उपाशी राहणार होत्या!

गाडीत बसल्याबरोबर मी विचारलं, "मला न विचारता तू हे बोललासच कसा?"

"प्रार्थनाच तर सांगितली. त्यात विचारायचं काय?"

"आणि माझी आई?"

"तिचं बघू काहीतरी. पण ख्रिस्ती घरात बायको नवऱ्याला सोडून जात नाही."

बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं, एवढा शास्त्रभाग त्याला तोंडपाठ आहे. तिथेच पुढे, नवऱ्याने बायकोसाठी स्वतःला देऊन टाकावं असं लिहिलंय. तिथपर्यंत आला की त्याला चष्मा सापडत नाही. हे मी त्याला गाडीतच सुनावलं. मग आठवडाभर आम्ही मुलीमार्फत बोललो.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला. शनिवारी संध्याकाळी तो दारात आला.

"माझं काही चुकलं असेल तर–"

"काय चुकलं?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. "म्हणजे, जे काही असेल ते."

"ते म्हणजे काय?"

त्याने ओट्यावरच्या ब्रेडकडे बघितलं. मग म्हणाला, "उद्या प्रभुभोजन आहे."

"माहितीय. ब्रेड कोण कापतंय?"

"मग?"

"मग काही नाही. मी माफ केलेलं नाही. उद्या तबक हातात घेशील तेव्हा तुझं तू बघ."

"माफ न करणं पाप आहे," तो म्हणाला.

"आहे ना. म्हणून मीही घेणार नाही."

खरं सांगते, उद्या त्याने निर्लज्जपणे भाकर तोंडात टाकावी अशीच माझी इच्छा होती. म्हणजे जन्मभर त्याचा राग करायला मी मोकळी झाले असते.

पण रविवारी तो पाळकसाहेबांच्या कानाशी काहीतरी बोलला. तबक दुसऱ्या पंचाकडे गेलं आणि हा येऊन माझ्या शेजारी बसला. तबक आमच्या रांगेत आलं. त्याने न घेता माझ्याकडे दिलं, मी न घेता पुढे दिलं. माना वळल्या. त्याचे कान लालबुंद झाले होते. मला आनंद झाला, अगदी उघड आनंद. तो फार टिकला नाही, कारण शेजारी बसलेला माणूस दुसऱ्याच्या हातातल्या तबकाकडे बघत होता.

शेवटी प्रार्थनेचे विषय आले आणि तो उठला. "गेल्या रविवारची विनंती मी मागे घेतो," तो म्हणाला. "ती मी पत्नीला न विचारता केली होती. तिची आई एकटी असते. गॅस बंद करायचं तिच्या लक्षात राहत नाही. प्रार्थना तिच्यासाठी करा."

मग मागून करोल बागेतल्या मावशी कुजबुजल्या, "अच्छा? आणि आमचे उपास?"

गाडीत त्याने विचारलं, "झालं ना आता?"

"नाही," मी म्हणाले. "तू त्यांना सांगितलंस. मला काही सांगितलेलं नाहीस."

बदरपूरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा, समोर बघतच तो म्हणाला, "जा तू पुण्याला."

मी पुण्याला आले. आईच्या ओट्यावरचा गॅस काढून इंडक्शन बसवलं, त्यावरून तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. इथल्या मंडळीतल्या बायका म्हणतात, नवऱ्याने तुला येऊ दिलं, किती मोठं मन! ऐकून तिडीक जाते. येऊ दिलं म्हणे!

गेल्या शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. पहिल्या रविवारची आदली संध्याकाळ. आता ब्रेड तोच कापतो. फळीवर सुरी आपटल्याचा आवाज फोनमधून येत होता.

"ऐक," तो म्हणाला. "त्या रविवारी प्रार्थना सांगताना मी तुझ्या आईला वगळलं. मला ती आठवत होती, आणि मी मुद्दाम वगळलं. ते माझं चुकलं." सुरी थांबली. "राग गेला का?"

गेला म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं "हं" म्हणतच आले होते.

"नाही," मी म्हणाले. "अजून आहे."

आता हा मला पाप-पुण्य शिकवणार, म्हणून मी जीभ परजून बसले.

"मग मी थांबतो," तो म्हणाला.

सुरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. जी उद्या स्वतः घेणार नव्हता, ती भाकर तो बाकीच्यांसाठी कापत होता. मी फोन ठेवला नाही.